खालचे काका

माझ्या काकांना गिऱ्हाइकं ‘खालचे’ म्हणायची. आमच्या गॅरेजात शिरलं की वर दिसायचे ते माझे बाबा: इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू, कोणाची मुलगी कितवीत आहे तेही पाठ. आणि एखाद्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले असायचे, ते काका. ‘जरा त्या खालच्यांना विचारा ना, पुढून आवाज कसला येतोय,’ असं लोक म्हणता म्हणता ते नाव पडलं. काकूसुद्धा चिडली की म्हणायची, “खालचे, वर या आता, जेवण निवलं.”

काका आठवीत शाळेतून बाहेर पडले आणि बारा वर्षं ट्रकच्या वर्कशॉपमध्ये राबले. बाबांनी स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा त्यांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं. पाटीवर नाव बाबांचं, कागदांवर सही बाबांची. काकांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तसेही ते कशाबद्दलच फार बोलायचे नाहीत. पण गाडी त्यांना कळायची. ते गिऱ्हाइकाच्या शेजारी बसायचे, गतिरोधकावरून दोनदा गाडी न्यायला सांगायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, “डावीकडचा, खालचा, मागचा.” मग गाडी वर उचलून पहारीने लोखंड जरा हलवलं की नेमका तोच बुश गेलेला निघायचा.

बुश म्हणजे काय ते मला त्यांनीच दाखवलं. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. तो जिथे जोडलेला असतो तिथे लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून रबराचं जाड कडं दाबून बसवतात. ते रबर वाळलं, चिरलं की गाडी खड्ड्यात कण्हायला लागते. “कण्हतेय तोवर बरं,” काका म्हणायचे. “ती सांगतेय की मला बघा.”

मी पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसले होते. नोकरी लागेना, म्हणून बाबांनी मला गॅरेजच्या टेबलावर बसवलं. काम सोपं होतं. गाडी आली की कार्ड भरायचं. वरच्या रकान्यात तक्रार, खालच्यात केलेलं काम, शेवटी काम करणाऱ्याची सही. सही बहुतेक वेळा काकांचीच. तेलकट अंगठ्याचा डाग कार्डाच्या कोपऱ्यात असायचाच.

स्प्रेचा डबा बाबांनी घरून आणला. स्वयंपाकघराचं दार कुरकुरायचं म्हणून आईने तो घेतला होता, लाल नळी लावून फुस्स करून मारायचा तसला. बाबांनी तो आधी गॅरेजच्या फाटकाला मारला, मग एका गाडीच्या दाराला, मग बॉनेटच्या कुलपाला. काकांचीही त्याला ना नव्हती. गंजलेला नट सोडवायला ते स्वतः तो मागून घ्यायचे. पण एके दिवशी बाबांनी कण्हणाऱ्या गाडीच्या बुशवर तो मारला. आवाज जागच्या जागी बंद झाला. गिऱ्हाईक इतकं खूश झालं की दुसऱ्या दिवशी आपल्या मेहुण्याची गाडी घेऊन आलं.

“दादा, तिथे नको मारू,” काका म्हणाले. “बिजागरीला मार, नटाला मार. हे रबर आहे. त्यातल्या तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं.”

“मग आत्ता काय कडक आहे ते? चिरलेलंच आहे ना?”

“चिरलेलं बदलायचं असतं.”

“बदलायला अर्धा दिवस जातो. गाडी उचलायची लिफ्ट एकच आहे. आणि लोक आवाजाची तक्रार घेऊन येतात, बुशची नाही. आवाज गेला की काम झालं.” बाबा हसले. “मी कोणाला फसवत नाही. आवाज घालवून देतो म्हणतो आणि घालवून देतो.”

बाबा वाईट माणूस नव्हते, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. त्यांना समोरच्याचा चेहरा पडलेला बघवायचा नाही. काम मोठं आहे, गाडी दोन दिवस राहील, असं सांगताना त्यांची जीभ जड व्हायची. स्प्रेमुळे वेळ मारून नेता यायची. पंधरा दिवसांनी आवाज परत यायचा, माणूस परत यायचा, पुन्हा फुस्स. हळूहळू तो डबा बाबांच्या टेबलावरच राहायला लागला.

सिस्टर आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या अशाच, आवाजाची तक्रार घेऊन. पन्नाशीच्या आसपासच्या, एकट्या, अंगाने बारीक. हॉस्पिटलची नोकरी सोडून त्या घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, नळ्या बदलायच्या. दिवसाला आठ-नऊ घरं. त्यांची लहानशी जुनी गाडी म्हणजे फिरता दवाखानाच होता. मागच्या सीटवर कापसाचे गठ्ठे आणि औषधांचे डबे रांगेत लावलेले.

काकांनी गाडी उचलली आणि पाच मिनिटांत बाहेर आले. “पुढचे दोन्ही खालचे बुश गेलेत. बदलायला हवेत. सामान मागवावं लागेल.”

हे ते बाबांना म्हणाले. सिस्टर तेव्हा बाहेर फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, अर्ध्या तासात पोचते म्हणून.

बाबांनी टेबलावरचा डबा उचलला. काका त्यांच्याकडे बघत राहिले. बाबांनी वाकून दोन्हीकडे नळी खुपसली, गाडी खाली घेतली, हाताने दाबून हलवून दाखवली. आवाज नव्हता. मला म्हणाले, “लिही, बुश तपासले, वंगण केलं.” मी लिहिलं. काकांनी कार्ड वाचलं आणि सही केली.

सिस्टर जाताना मुद्दाम काकांपाशी थांबल्या. “तुमचा हात लागला म्हणजे मला काळजी नाही,” त्या म्हणाल्या. “मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही.”

काका हात पुसत होते. “हळू चालवा,” एवढंच म्हणाले.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. बाबांनी पुन्हा तेच केलं. त्या संध्याकाळी काकांनी बाबांना न विचारता दुकानातून सिस्टरच्या गाडीचे बुश मागवले. चार दिवसांनी ते आले तेव्हा काकांनी खोक्यावर पेन्सिलने ‘सिस्टर’ असं लिहिलं आणि फळीवर ठेवलं. मला म्हणाले, “त्यांना फोन कर. पुढच्या सोमवारी सकाळी घेऊन या म्हणावं, दुपारपर्यंत देतो.” मी फोन केला. कशासाठी ते सांगितलं नाही. काम आहे, एवढंच म्हणाले. त्यांनीही विचारलं नाही.

मधल्या शनिवारी एक बडा बांधकामवाला घरची लहान गाडी घेऊन आला, सिस्टरच्याच मॉडेलची. तो घाईत होता, आणि अशा माणसाला नुसता स्प्रे मारून पाठवण्याची बाबांची छाती नव्हती. फळीवरचं खोकं त्यांनी उघडलं. काका त्या दिवशी काकूला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. बुश दुसऱ्या कामगाराने बसवले. मी समोरच बसले होते. खोक्यावरचं नाव मला दिसत होतं. मी बाबांना म्हटलं, “हे सिस्टरचे आहेत ना?” ते म्हणाले, “दुसरे येतील.” मी कार्ड भरलं.

सोमवारी सिस्टर वेळेवर आल्या. बाबा एका लग्नाला परगावी गेले होते. काकांनी फळीवर हात घातला, मग शेजारची फळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. त्यांनी दुकानात फोन केला. तीन दिवस लागणार होते.

“काय झालं?” सिस्टरनी विचारलं. “आवाज परत यायला लागलाय हो. मागच्या वेळी केलं तसंच करा ना. अकरा वाजता एका आजोबांची जखम धुवायची आहे, ते वाट बघत असतात.”

आता इथे काकांनी बोलायला हवं होतं. दोन वाक्यं पुरेशी होती. मी टेबलावरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलंही, पण मग टेबलापाशी आले, डबा उचलला आणि गाडीखाली गेले. मला फुस्स असा आवाज दोनदा ऐकू आला. बाहेर आले ते सिस्टरकडे न बघता थेट नळावर हात धुवायला गेले. तिथूनच म्हणाले, “गुरुवारी नक्की आणा. आणि हळू चालवा.”

त्या गेल्यावर मी विचारलं, “काका, सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग आधी दोनदा काय केलंत.” ते बराच वेळ हात घासत होते. “गुरुवारी बदलतो. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

बुधवारी सकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर एक सायकलवाला गल्लीतून अचानक आडवा आला. सिस्टरनी जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढली गेली आणि एका बंद दुकानाच्या भिंतीवर आदळली. सायकलवाल्याला खरचटलंही नाही. सिस्टरचा उजवा हात स्टिअरिंग आणि दाराच्या मध्ये चेंगरला. मनगटाची हाडं तीन ठिकाणी मोडली.

आणि त्यांनी हॉस्पिटलमधून फोन कोणाला करायला लावला, तर आम्हाला. गाडी आमच्याकडेच आणा, तिथले खालचे काका चांगले आहेत, असं त्यांनी ओढून नेणाऱ्याला सांगितलं होतं.

गाडी आली तेव्हा काकांनी कोणाला हात लावू दिला नाही. डावीकडचा लोखंडी हात त्यांनी एकट्याने सोडवला. बुशचं रबर आतल्या नळीपासून पार सुटलं होतं. फुगून, चघळून थुंकल्यासारखं झालं होतं. काकांनी बोट लावलं तर काळं चिकट बोटाला आलं. ते तसंच बोट धरून जमिनीवर बसून राहिले. बाबा वरून म्हणाले, “आदळल्यावर तुटलं असेल.” काकांनी मान वर केली नाही.

विमा कंपनीचा तपासनीस शुक्रवारी येणार असं कळलं. गुरुवारी दुपारी बाबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. सिस्टरची तिन्ही कार्डं त्यांच्या हातात होती. शेवटच्या कार्डावर माझी ओळ आणि काकांची सही यांच्यामध्ये दोन बोटं जागा होती.

“इथे लिही,” बाबा म्हणाले. “बुश बदलण्याचा सल्ला दिला. ग्राहकाने नकार दिला.”

“बाबा, सल्ला कुठे दिला?”

“काकाने बुश मागवले होते ना? म्हणजे बदलायचं आपल्या मनात होतंच. त्यांना फोनही तूच केलास. फक्त शब्द राहिले लिहायचे.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच समजावणीचा होता. “त्यांना कोण शिक्षा करणार आहे? हे गॅरेज बंद पडलं तर आपण पाच माणसं आणि बाहेरचे दोन कुठे जाणार? तुझा काका कुठे जाणार?”

मी लिहिलं. त्याच पेनाने, त्याच अक्षरात. ओळ इतकी नीट बसली की मलाच ती जुनी वाटायला लागली.

तपासनीस ठेंगणा, शांत माणूस होता. त्याने टॉर्च मारून गाडी पाहिली, तो बुश पिशवीत घातला, मग टेबलाशी येऊन कार्डं वाचली. “सही कोणाची?”

“माझी,” काका म्हणाले.

“तुम्ही बदलायला सांगितलं होतं, बाईंनी नकार दिला. बरोबर?”

काकांनी कार्ड हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. “मी सही केली तेव्हा ही ओळ नव्हती,” ते म्हणाले. “आम्ही त्यांना काही सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. रबरावर स्प्रे मारला. दोनदा दादाने, एकदा मी.”

बाबा पटकन म्हणाले, “साहेब, याला धक्का बसलाय. दोन दिवस झोपला नाहीये.”

तपासनीसाने माझ्याकडे पाहिलं. “अक्षर तुमचं?”

“हो.”

“ही ओळ कधी लिहिली?”

काकाही माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, रागही नव्हता. मी खरं सांगणार याची त्यांना खात्री होती, ते मला अजून दिसतं.

“तेव्हाच,” मी म्हणाले. “गाडी आली त्याच दिवशी.”

काकांनी कार्ड टेबलावर ठेवलं. तपासनीसाने काहीतरी टिपून घेतलं आणि निघून गेला. काका त्यानंतर तासाभराने हात धुऊन घरी गेले. मी बोलेन म्हणून थांबले नाहीत.

सिस्टरचा दावा फेटाळला गेला. गाडी नादुरुस्त आहे हे माहीत असून चालवली, असं कारण आलं. काका त्याआधीच त्यांना भेटायला गेले होते. तिथे काय झालं ते मला काकूने सांगितलं. ती बरोबर होती. सिस्टर पलंगावर बसल्या होत्या, हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाबांनी काय केलं, स्वतः काय केलं, कार्डावर नंतर काय लिहिलं गेलं, सगळं. कोणी लिहिलं ते मात्र सांगितलं नाही.

सिस्टरनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “पहिल्या दिवशीच तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही मला हळू चालवा म्हणालात.”

“हो.”

“जा तुम्ही,” सिस्टर म्हणाल्या. “कुठे लिहून द्यायचं ते द्या, पण माझ्यासमोर येऊ नका. तुमच्या भावाचा मला एवढा राग नाही. त्याच्यावर माझा भरवसा नव्हताच.”

काकांनी खरंच लिहून दिलं. विमा कंपनीला तीन पानी पत्र, आठवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या अक्षरात. उत्तर दोन ओळींचं आलं. कार्डावरची सही त्यांचीच होती, आणि कार्ड लिहिणारीचा जबाब वेगळा होता. सिस्टरची दोन बोटं पुढे कधी वाकली नाहीत. दोन बोटं वाकत नसली की जखम बांधता येत नाही.

बाबांनी काकांना हाकललं नाही. उलट घरी जाऊन म्हणाले, “झालं गेलं. उद्यापासून ये.” काका गेले नाहीत. इतर गॅरेजांमध्ये त्यांनी विचारलं, पण धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. तपासनीसासमोर तोंड उघडणारा माणूस कोणाला हवा असतो? बाबांनी त्यांच्याविरुद्ध काही सांगितलं नसेल. फक्त कोणी विचारल्यावर जरा थांबून, उसासा टाकून, ‘कामाला चांगला आहे,’ असं म्हटलं असेल. तेवढं पुरतं.

काका मोठ्या बाजाराच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये कामाला लागले. काचेच्या खोक्यात बसून पावती द्यायची आणि आडवा दांडा वर करायचा. सुरुवातीला ते राहवत नाही म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचे, तुमचा उजवीकडचा बुश गेलाय, लवकर बघून घ्या. पावतीवाल्याने गाडीला नावं ठेवलेली लोकांना आवडेना. दोघा-तिघांनी तक्रार केली. मॅनेजरने समज दिली की पावती द्या, बोलू नका. तेव्हापासून काका बोलत नाहीत.

मला त्यानंतर वर्षभरात एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली आणि मी गॅरेज सोडलं. चार वर्षांनी एकदा हिंमत करून सिस्टरचा पत्ता काढला. त्या बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. बहिणीच्या शिलाईच्या दुकानात बसायच्या, गिऱ्हाइकांशी बोलायच्या, डाव्या हाताने मापं लिहून घ्यायच्या. मी कोण ते सांगितलं. ती ओळ मी लिहिली, अपघातानंतर लिहिली, खोटं बोलले, हे सगळं सांगितलं. हवं असेल तर कुठेही लिहून देते म्हटलं.

त्यांनी मापाची वही मिटली. “आता याचं मी काय करू?” त्यांनी विचारलं. चेष्टेने नाही, खरोखरच विचारल्यासारखं. “तुला हलकं वाटायला हवं म्हणून आलीस,” त्या म्हणाल्या. “वाटलं असेल तर नीघ. दुकानात माणसं येतील.”

तिथून मी तशीच काकांकडे गेले, त्या पार्किंगमध्ये. दुपारची वेळ होती, फारशा गाड्या नव्हत्या. ते खूप वाळले होते. मला पाहून उठले, आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः काचेला टेकून उभे राहिले. मी सिस्टरना भेटून आल्याचं सांगितलं. ते ऐकत राहिले.

“तू लहान होतीस,” शेवटी म्हणाले.

“तेवीस वर्षांची होते, काका.”

बाहेर एक गाडी येऊन थांबली. त्यांनी पावती फाडून दिली, दांडा वर केला, ती आत गेल्यावर खाली केला.

“मग फार वाईट केलंस,” ते म्हणाले. “मीही केलं. पण मला तुझ्याकडून ते अपेक्षित नव्हतं.”

त्यानंतर त्यांनी आईची चौकशी केली. तिची साखर कशी आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालं का. बाबांबद्दल विचारलं नाही. मी अर्धा तास बसले. निघताना पाया पडायला वाकले तर ते मागे सरले आणि म्हणाले, “जागा अरुंद आहे इथे.”

बाबांचं गॅरेज अजून चालू आहे, आता दोन लिफ्ट आहेत. काका का सोडून गेले असं कोणी विचारलं की बाबा गुडघ्यांचं कारण सांगतात. खाली वाकून वाकून गुडघे गेले बिचाऱ्याचे, म्हणतात. आणि लोक हळहळतात.